पाठीची इजा, ‘वयोमानानुसार झीज’ आणि भरपाईचा हक्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तेव्हापासून कामाचे तास, ग्रॅच्युइटी, निश्चित मुदतीच्या नेमणुका या विषयांवर वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले गेले. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराचा शंभर वर्षे जुना आधार, याच संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मी कामगारांच्या बाजूने भरपाईचे दावे चालवणारा वकील आहे. हात तुटलेल्या, डोळा गेलेल्या कामगाराला उशिरा का होईना भरपाई मिळते, पण ओझे उचलताना कंबर कायमची गेलेला कामगार कोर्टात हरतो किंवा किरकोळ रकमेवर तडजोड करून घरी जातो, हे मी सतत पाहत आलो आहे. असे का होते आणि ते थांबवण्यासाठी काय करता येईल, हे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात इजांची यादी आणि प्रत्येक इजेपुढे कमाईच्या क्षमतेत होणारी घट टक्क्यांत दिलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२ टक्के. या यादीत पाठीचा कणा कोठेही नाही. मणक्यातील गादी सरकली, नस दबली, पायातील ताकद गेली, तर घट किती धरायची हे डॉक्टरांच्या मतावर आणि शेवटी भरपाई आयुक्तांच्या निर्णयावर सोपवलेले आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात. यादीतील इजेत वादाला जागा थोडी असते, कारण तुटलेले बोट सर्वांना दिसते. यादीबाहेरच्या इजेत मात्र प्रत्येक टक्क्यासाठी भांडावे लागते. त्या टक्क्याची किंमत किती असते, हे एका हिशेबावरून कळेल. कायमच्या संपूर्ण अक्षमतेत मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. वेतन कितीही असले तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार ते १५,००० रुपयांपर्यंतच हिशेबात धरले जाते. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक १८४.१७ आहे. म्हणजे पूर्ण अक्षमतेची रक्कम १६,५७,५३० रुपये होते, आणि आयुक्तांनी घट २० टक्केच मानली तर हातात पडतात ३,३१,५०६ रुपये. दोन डॉक्टरांच्या मतांतील फरक एका कुटुंबाला तेरा लाखांहून अधिक महाग पडू शकतो.

पण टक्क्यांवर येण्याआधीच बहुतेक दावे अडखळतात. इजा कामामुळे आणि काम करत असताना झाली, हे कामगाराला सिद्ध करावे लागते. माझ्याकडे आलेल्या एका हमालाचे प्रकरण सांगतो, कारण त्यात घडले ते मी इतर अनेक फायलींत थोड्याफार फरकाने वाचले आहे. हा गृहस्थ भिवंडीच्या बाजूला एका गोदामात ठेकेदाराच्या टोळीत होता. ट्रकमधून गोण्या उतरवून थप्पी लावताना, वरच्या थरावर गोणी टाकण्यासाठी अंग वळवताच त्याच्या कमरेत उसण भरली आणि कळ डाव्या पायात उतरली. मुकादमाने त्याला बाजूला बसवले, कोणीतरी मलम आणून चोळले, संध्याकाळी सहकाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून घरी पोहोचवले. दोन-तीन दिवसांत उतार पडेल या भरवशावर तो घरीच पडून राहिला. पाय जड पडू लागला तेव्हा तो सरकारी रुग्णालयात गेला. तेथे रांग मोठी, डॉक्टर तरुण आणि कामाने पिचलेले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला : पडलात का, मार लागला का? याने खरे तेच सांगितले, की पडलो नाही, मारही लागला नाही. केसपेपरवर नोंद झाली : तीन दिवसांपासून कंबरदुखी, इजेचा इतिहास नाही.

पुढे दावा उभा राहिला तेव्हा मालकाच्या विमा कंपनीच्या वकिलांनी सर्वांत आधी हा कागद पुढे केला. साक्षीत माझ्या पक्षकाराला विचारण्यात आले की, या कागदावर आपण सांगितलेलेच लिहिले आहे ना? तो हो म्हणाला. गोदामातील कोणतीही नोंदवही पुढे आली नाही, कारण अपघात लिहून ठेवलाच नव्हता. मुकादम साक्षीला येण्यास तयार नव्हता, आणि त्याचा मी राग धरू शकत नाही, कारण त्याची रोजीरोटी त्याच ठेकेदारावर होती. वजन उचलताना आतल्या आत झालेल्या इजेला डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नात जागा नसल्यामुळे, खरे बोललेल्या माणसाचे खरे उत्तर त्याच्याच विरोधात वापरले गेले.

बाहेरून आघात झालेला नसताना, केवळ जोर लावल्याने शरीराच्या आत काही तुटले किंवा सरकले तर तो कायद्याच्या दृष्टीने अपघात ठरतो का, हा वाद नवा नाही. आपला १९२३ चा कायदा ज्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर बेतला, त्या कायद्याखाली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने, १९०३ सालीच फेंटन विरुद्ध थॉर्ली या प्रकरणात त्याचा निकाल लावला होता. वाफेवर चालणाऱ्या दाबयंत्राचे चाक फिरवताना जोर लावल्यामुळे एका कामगाराला अंतर्गळ (हर्निया) झाला होता. तो पडला नव्हता, यंत्रात अडकलाही नव्हता. तरीही अनपेक्षितपणे ओढवलेली ही इजा अपघातच आहे, असे ठरले. इतक्या जुन्या काळी स्पष्ट झालेली गोष्ट आजही प्रत्येक दाव्यात नव्याने पटवून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

यानंतर येतो एमआरआयचा अहवाल. चाळिशी ओलांडलेल्या जवळपास कोणत्याही कष्टकऱ्याच्या अहवालात मणक्यांमधील गाद्यांची झीज झाल्याचे एक वाक्य असतेच. विमा कंपनीच्या डॉक्टरांचे मत त्याच वाक्यावर उभे राहते : ही वयोमानानुसार झालेली झीज आहे, कामाशी तिचा संबंध नाही. हा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. कोणताही त्रास नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की, गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आढळते आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत. गादी फुगलेली असण्याचे प्रमाण याच वयोगटांत ३० टक्क्यांपासून ८४ टक्क्यांपर्यंत जाते. या सर्व माणसांना पाठीचा काहीही त्रास नव्हता. झीज असूनही माणूस वेदनेशिवाय काम करू शकतो, हाच याचा अर्थ आहे. मग जो हमाल काल संध्याकाळपर्यंत गोण्या वाहत होता आणि आज पाय उचलू शकत नाही, त्याच्या आजच्या अवस्थेचे कारण म्हणून केवळ झिजेकडे बोट दाखवणे पुरेसे कसे होईल? झीज कालही होती. काल आणि आज यांच्यामध्ये घडले ते कामावर घडले. हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वापरता येतात, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो : अहवालात गादी फुगलेली दिसते एवढ्यावरून इजा कामामुळे झाली असे कामगाराच्या वकिलालाही म्हणता येणार नाही. म्हणूनच निर्णय एमआरआयच्या चित्रावर न सोडता घटनाक्रमावर, पायाच्या ताकदीच्या तपासणीवर आणि आधीच्या कामाच्या नोंदीवर झाला पाहिजे.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठापुढे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या, हृदयविकार असलेल्या एका कामगाराच्या मृत्यूचे प्रकरण आले होते. त्यात न्यायालयाने मांडलेले सूत्र आजही उद्धृत केले जाते. कामगार केवळ आजारामुळे दगावला असेल तर मालक जबाबदार नाही, परंतु कामाच्या ताणाचा त्यात हातभार असेल किंवा त्या ताणाने मृत्यू लवकर ओढवला असेल तर मालकाची जबाबदारी येते. हृदयाला लागू होणारे हे तत्त्व मणक्याला लागू होत नाही, असे म्हणण्यास काहीच आधार नाही. मालकाने कामगाराला त्याच्या आहे त्या शरीरासह कामावर घेतलेले असते आणि ते शरीर चालत होते तोवर त्याचे श्रम घेतलेले असतात.

कामाशी संबंध सिद्ध झाला की टक्क्यांचा वाद सुरू होतो. शासकीय वैद्यकीय मंडळ देते ते प्रमाणपत्र दिव्यांगत्वाचे असते. मणक्याची हालचाल, नसेची अवस्था यांवरून ते संपूर्ण शरीराच्या अक्षमतेचे प्रमाण सांगते. त्याचा उपयोग सवलतींसाठी आणि आरक्षणासाठी आहे. भरपाईच्या कायद्याला हवी असते ती कमाईच्या क्षमतेतील घट. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सविस्तर समजावून सांगितले आहे. कामगार भरपाईच्या क्षेत्रात त्याहून जुना आणि थेट दाखला प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या प्रकरणाचा आहे. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ती अंशतः अक्षमता भरत होती. परंतु सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, हा आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. सुताराला जसा हात तशी हमालाला पाठ. वैद्यकीय मंडळाने २० टक्के लिहिले म्हणून हमालाची कमाई २० टक्केच घटली, असे मानणे म्हणजे तो उद्यापासून पाचपैकी चार गोण्या उचलू शकेल असे मानणे होय. प्रत्यक्षात ज्याला डॉक्टरांनी दहा किलोच्या वर उचलू नका असे बजावले आहे, त्याला कोणतीही टोळी कामावर घेणार नाही.

येथे विमा कंपनीचे उत्तर ठरलेले असते : त्याने पहारेकऱ्याचे काम करावे. काहींच्या बाबतीत ते शक्य असेल आणि तसा पुरावा आला तर त्याचा विचारही व्हावा. परंतु संपूर्ण अक्षमतेची कायद्यातील व्याख्या अपघाताच्या वेळी कामगार जी कामे करण्यास समर्थ होता त्या कामांच्या संदर्भात आहे. शाळेची पायरी न चढलेल्या आणि वीस वर्षे ओझीच वाहिलेल्या माणसाला बारा तास खुर्चीवर बसण्याचे, नोंदवही लिहिण्याचे काम मिळेल आणि मणका दुखावलेला असताना ते झेपेल, हे गृहीत धरून टक्के कमी करू नयेत. असे काम कोठे उपलब्ध आहे, हे कंपनीने दाखवून द्यावे.

मालकांची बाजू मी नाकारत नाही. पाठदुखी बाहेरून दिसत नाही, तिची खोटी तक्रार करता येते, घरी पाण्याचा हंडा उचलताना लचकलेली कंबर कामाच्या माथी मारली जाण्याची भीती असते. लहान उद्योजकाला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. तिच्यावरील उपाय कायद्यातच आहे. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने विनामूल्य तपासणी देऊ केली, तर कामगाराला ती करून घ्यावी लागते. ही तरतूद मालकाच्याच हिताची आहे. पहिल्या तीन दिवसांत झालेल्या तपासणीत नस दबल्याची लक्षणे, स्नायूंचा ताठरपणा, पाय सरळ उचलताना होणारी वेदना नोंदवली जाते आणि खऱ्याखोट्याचा निवाडा सोपा होतो. माझ्या पाहण्यातील मालक ही तपासणी करवून घेत नाहीत. अपघाताची नोंदही करत नाहीत, आणि दोन वर्षांनी कोर्टात मात्र नोंद नाही म्हणून अपघात झालाच नाही, असे सांगतात. स्वतःचे कर्तव्य न केल्याचा फायदा त्यांना मिळू नये, इतकी साधी अपेक्षा आहे.

भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशीही तरतूद आहे. जबाबदारी मान्य असून रकमेविषयीच वाद असेल तर मान्य असलेला भाग ताबडतोब जमा करायचा असतो. तसे होताना मी क्वचितच पाहिले आहे. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असे २००९ च्या दुरुस्तीने सांगितले. प्रत्यक्षात डॉक्टरांची साक्ष होण्यासच त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, कारण सरकारी डॉक्टर समन्स मिळूनही शस्त्रक्रियेच्या दिवशी येऊ शकत नाहीत, आणि तोवर कामगाराची बायको चार घरची धुणीभांडी धरते, मुलगा शाळा सोडून त्याच टोळीत उभा राहतो.

याच काळात ठेकेदाराचा माणूस घरी येतो. पंधरा-वीस हजार रुपये आणि ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ असा मजकूर असलेला स्टॅम्पपेपर घेऊन. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांनी असा कागद करून दिलेला असतो आणि आता आपले काही चालणार नाही, असे मानून ते गप्प बसलेले असतात. त्यांना हे कळले पाहिजे की, भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक आहे. तडजोड करायचीच असेल तर तिचे ज्ञापन (लेखी टिपण) आयुक्तांकडे नोंदवावे लागते आणि रक्कम अपुरी असल्यास किंवा दबावाने सही घेतली असल्यास आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. तसेच ठेकेदार पळून गेला किंवा कफल्लक निघाला, तरी ज्याच्या व्यवसायाचे नेहमीचे काम त्या ठेक्यातून चालले होते त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तेथे मार्ग वेगळा आहे, पण तेथे एक गोष्ट कामगाराच्या बाजूची आहे : काम करत असताना झालेला अपघात, विरुद्ध पुरावा नसेल तर, कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. १९२३ च्या कायद्यात असे गृहीतक नव्हते. भरपाईच्या दाव्यांतही ते आणावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

दुसरी मागणी व्यवसायजन्य आजारांच्या परिशिष्टाविषयी आहे. एका क्षणी उसण भरली तर निदान अपघात तरी म्हणता येतो, पण पंधरा वर्षे ओझी वाहून हळूहळू निकामी झालेल्या कण्याला कायद्यात जागाच नाही, कारण त्या परिशिष्टात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार आहे, ओझ्याने होणारा मणक्याचा विकार नाही. जर्मनीने दीर्घकाळ जड ओझी उचलल्याने होणारा कमरेच्या मणक्यांचा विकार १९९३ मध्ये आणि फ्रान्सने १९९९ मध्ये आपापल्या यादीत घेतला. दोन्हीकडे किती वर्षे, कोणत्या प्रकारचे काम, असे निकष आहेत, त्यामुळे कोणत्याही पाठदुखीला भरपाई मिळते असे नाही. १९६९ मध्ये माथाडी, हमाल यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र राज्य या बाबतीत केंद्राकडे आग्रह धरू शकते, आणि त्या कामगारांच्या श्रमावर ज्या राज्याच्या बाजार समित्या चालतात त्या राज्यानेच तो धरला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवलेली आहे. त्याहून जड गोणी अजूनही कोणाच्या पाठीवर चढत असेल, तर ती चढवणाऱ्याने उद्याच्या इजेची जबाबदारी आजच घेतलेली असते.

राहिलेल्या गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी आपल्या रुग्णालयांना एक परिपत्रक काढून कळवावे की, कंबरदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला त्याचे काम काय आणि त्रास वजन उचलताना, ढकलताना किंवा वाकताना सुरू झाला का, हे विचारून उत्तर केसपेपरवर लिहावे. भरपाई आयुक्तांनी डॉक्टरांची साक्ष दूरचित्रसंवादाने घेण्याची पद्धत सर्रास सुरू करावी. कामगार संघटनांनी आणि टोळीच्या मुकादमांनी इजा झाली त्याच दिवशी मालकाला लेखी सूचना द्यावी, मोबाइलवरून संदेश पाठवला तरी तो जपून ठेवावा, आणि साक्षीदार म्हणून दोन सहकाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. ज्यांना संहिता लागू होण्याआधी इजा झाली आहे त्यांचे तेव्हाचे हक्क संहिता आल्याने संपलेले नाहीत, परंतु जुन्या कायद्याची दोन वर्षांची मुदत त्यांच्या डोक्यावर आहे. वाजवी कारण दाखवल्यास आयुक्त उशीर माफ करू शकतात, तरी त्या भरवशावर थांबू नये. आपल्या ओळखीत असा कोणी घरी पडून असेल, तर त्याचे सर्व कागद घेऊन जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. कामगाराला तेथे वकील मोफत मिळतो.

आपला,
एक कामगार वकील, ठाणे